कोकण किनाऱ्यावरील घर व गोठ्यासाठी टिकाऊ बांधकाम-साहित्याची निवड

शेतकऱ्याच्या आयुष्यात घर बांधण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो. आंबा, काजू, नारळ व सुपारी यांच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे साठविलेली पुंजी, काढलेले कर्ज आणि घरच्या माणसांचे श्रम या सर्वांची त्यात भर पडते. कोकण किनाऱ्यावर मात्र एक विपरीत देखावा वारंवार दृष्टीस पडतो. पणजोबांच्या काळचे जांभ्या दगडाचे कौलारू घर अद्याप ताठ उभे असते आणि त्याच आवारात अलीकडे बांधलेल्या स्लॅबच्या घराचे पोपडे दहा-पंधरा वर्षांतच गळू लागतात. छतातील सळया गंजून उघड्या पडतात, भिंतींना ओल येते आणि कर्जाचे हप्ते संपतात न संपतात तोच दुरुस्तीचा खर्च पुढे उभा राहतो.

यावरून जुने ते सर्व चांगले आणि नवे ते सर्व वाईट असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. सिमेंट व लोखंड ही उत्तम साधने आहेत. परंतु समुद्रकाठच्या हवेत ती कोणत्या अटींवर टिकतात, याचा विचार न करता ती वापरली गेली, हा खरा दोष होय. किनाऱ्यावरील बांधकामाचा मुख्य नियम थोडक्यात सांगावयाचा तर असा की, मीठ बांधकामाच्या आत जाऊ देऊ नये, ओल आत कोंडू देऊ नये आणि लोखंडाचा वापर आवश्यक तेवढाच करावा. साहित्याची निवड करताना हा नियम सतत डोळ्यांपुढे ठेवला, तर पुष्कळसे नुकसान टळते.

खाऱ्या हवेचे कार्य

समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे अत्यंत बारीक तुषार हवेत मिसळतात. वाऱ्याबरोबर ते जमिनीकडे येतात आणि भिंती, छपरे, लोखंडी सामान यांवर मिठाचा पातळ थर बसतो. हे मीठ हवेतील दमटपणा शोषून घेते. त्यामुळे पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओलसर राहतो. किनाऱ्यालगतच्या पहिल्या काही शे मीटरांत मिठाचे प्रमाण सर्वांत अधिक असते व आत जावे तसे ते झपाट्याने कमी होते. म्हणून घाटाकडील तालुक्यात एखादे साहित्य चांगले टिकले, एवढ्यावरून ते किनाऱ्यावर टिकेल असे मानू नये. खाडीकाठी व खारजमिनींच्या कडेला हवेबरोबर जमिनीतील खाऱ्या पाण्याचाही उपद्रव असतो.

मिठाचे दुष्परिणाम मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे, भिंतीत शिरलेले खारे पाणी उन्हाळ्यात सुकू लागले की, दगड-विटांच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक बनतात. ते वाढताना आजूबाजूच्या भागावर दाब पडतो आणि पृष्ठभाग भुकटी होऊन झडू लागतो. दुसरा म्हणजे, लोखंड गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कित्येकदा सहापटीपर्यंत असते. काँक्रीटच्या आत सळईला गंज चढला की तो आतून रेटा देतो, काँक्रीटला भेगा जातात आणि त्या भेगांतून आणखी ओल आत शिरते. एकदा सुरू झालेले हे चक्र वरवरच्या गिलाव्याने थांबत नाही. याखेरीज वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडणारा पाऊस, वाळवी व बुरशी आणि वादळी वारा यांचाही विचार निवडीच्या वेळीच करावा लागतो.

भिंतीसाठी जांभा दगड

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि रायगडच्या दक्षिण भागात भिंतीसाठी जांभा दगड सहज मिळतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील अंगाडीपुरम येथील अशाच दगडाला लॅटराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत असताना हा दगड इतका मऊ असतो की तो विटेसारखा कापता येतो, आणि हवेत राहिल्यावर त्यातील लोहद्रव्ये घट्ट होऊन तो कठीण बनतो. या दगडाला भट्टीची व सरपणाची गरज नाही, खाण जवळच असल्याने वाहतूक थोडी लागते आणि त्याच्या भिंतीत लोखंड मुळीच घालावे लागत नाही. किनाऱ्यावरील बांधकामात हे तिन्ही गुण मोलाचे आहेत.

तथापि सर्वच चिरे सारखे नसतात. पांढुरक्या चिकणमातीच्या गाठी असलेला, बोटाने खरवडताच झडणारा किंवा ठोकल्यावर बद्द आवाज देणारा चिरा नाकारावा. भारतीय मानकाप्रमाणे जांभ्या दगडाने त्याच्या कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषता कामा नये. याची परीक्षा शेतकऱ्याला घरीही ढोबळमानाने करता येते. चार-पाच दिवस कडक उन्हात सुकविलेला चिरा वजन करून चोवीस तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, नंतर पुसून पुन्हा वजन करावे. कोरडेपणी २० किलो भरलेला चिरा भिजल्यावर २२ किलो ४०० ग्रॅमपेक्षा अधिक भरू नये. एका खाणीतील निरनिराळ्या थरांतले पाच-सहा चिरे अशा रीतीने तपासून मगच पुढील खरेदी करावी.

ताजा काढलेला चिरा लगेच भिंतीत घालू नये. काही आठवडे तरी तो उघड्या हवेत रचून ठेवावा. पायासाठी मात्र जांभ्यापेक्षा काळा दगड अधिक चांगला, कारण तो पाणी फारच थोडे शोषतो. खाडीकाठच्या किंवा खारजमिनीलगतच्या घराचा पाया व जोते काळ्या दगडाचे करावे, जोते पुरेसे उंच ठेवावे आणि जोत्याच्या माथ्यावर भिंत चढविण्यापूर्वी ओलप्रतिबंधक थर अवश्य द्यावा. हा थर वगळला तर जमिनीतील खारी ओल भिंतीत चढत राहते आणि पुढे कोणताही रंग वा गिलावा तिला थोपवू शकत नाही.

खाणीच्या बाबतीत एक सामाजिक कर्तव्यही आहे. चिरेखाणीमुळे डोंगराच्या सड्यावरील मातीचा पातळ थर व त्याखाली मुरणारे पाणी यांची हानी होते. परवानाप्राप्त खाणीतलाच दगड घ्यावा. स्वतःच्या जमिनीत खाण काढावयाची असल्यास ती झऱ्याच्या वरच्या अंगास काढू नये, वरची माती बाजूस राखून ठेवावी आणि काम संपल्यावर खड्डा भरून त्यावर लागवड करावी किंवा त्याचे पाणी साठविण्याचे तळे करावे.

चुना व सिमेंट

जांभा दगडाशी चुन्याचा मसाला फार चांगला जुळतो. चुन्याच्या दर्जातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. ओलीबरोबर आलेले मीठ दगडाऐवजी मसाल्याच्या पृष्ठभागावर साठते व मसाला झिजला तरी दगड वाचतो. झिजलेल्या दर्जा वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा भरता येतात. याउलट, निव्वळ सिमेंटचा जाड गिलावा जांभ्यावर दिल्यास त्याला बारीक भेगा पडतात, भेगांतून पावसाचे पाणी आत जाते आणि आत गेलेले पाणी बाहेर येण्यास वाट उरत नाही. बाहेरच्या जांभ्या भिंतीला गिलावा न करता दर्जा नीट भरून घेणे आणि वळचण रुंद ठेवणे हा कोकणातील जुना प्रघात म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे.

चुन्याची भट्टी सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेवर चालते, तर सिमेंटच्या भट्टीस सुमारे १४५० अंश लागतात. शिवाय चुना घट्ट होताना हवेतील कर्बवायूचा काही भाग परत शोषून घेतो. त्यामुळे इंधनाच्या व हवेच्या दृष्टीनेही चुना कमी भाराचा आहे. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्यांपासून चुना भाजीत. आता बाजारात पोत्यांतून मिळणारा विरलेला चुना वापरणे सोयीचे पडते. चुना सावकाश घट्ट होतो, हा त्याचा गुणही आहे व अडचणही. म्हणून चुन्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून फाल्गुनाअखेर संपवावे आणि नव्या दर्जांवर काही दिवस हलके पाणी मारून त्या एकाएकी सुकू देऊ नयेत. काम लवकर उरकावयाचे असल्यास एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू असा मिश्र मसाला वापरावा. तो केवळ सिमेंटच्या मसाल्याइतका ताठर होत नाही व भिंतीस मानवतो.

आणखी एक लाभ असा की, चुन्यात किंवा मातीत रचलेली भिंत पुढेमागे उतरवावी लागली, तर चिरे सुटे निघतात व पुन्हा वापरता येतात. सिमेंटात रचलेले चिरे उतरविताना बहुधा फुटतात.

वाळू आणि पाणी: मुख्य सावधगिरी

किनाऱ्यावरील बांधकामात सर्वांत मोठी चूक घडते ती वाळूच्या बाबतीत. खाडीची वाळू जवळ मिळते व स्वस्त पडते, म्हणून ती स्लॅबसाठी वापरली जाते. तिचा परिणाम काय होतो, हे पुढील साध्या हिशेबावरून ध्यानात येईल.

एक घनमीटर काँक्रीटमध्ये सुमारे ७०० किलो वाळू लागते. वाळूत समुद्राच्या पाण्याचा ५ टक्के ओलावा असेल, तर तिच्याबरोबर ३५ लिटर खारे पाणी आले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे त्या वाळूबरोबर सुमारे ६६० ग्रॅम क्लोराइड काँक्रीटमध्ये गेले. भारतीय मानक संस्थेच्या संहितेनुसार (क्रमांक ४५६, सन २०००) लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटमध्ये सर्व साहित्य मिळून क्लोराइडची मर्यादा दर घनमीटरला ६०० ग्रॅम आहे. ती मर्यादा केवळ वाळूच्या ओलाव्यानेच ओलांडली गेली. वाळू उन्हात सुकविली तरी उपयोग नाही, कारण पाणी उडून जाते पण मीठ मागेच राहते.

सळईभोवतीचे काँक्रीट चांगले असेल, तर त्यातील चुन्याच्या क्षारतेमुळे सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. क्लोराइड हा पापुद्रा भेदते. मीठ बाहेरून आत यावयास वर्षे लागतात. वाळूबरोबर ते पहिल्या दिवसापासूनच सळईला चिकटलेले असते. दहा-पंधरा वर्षांत गळणाऱ्या अनेक स्लॅबांचे मूळ येथे असते.

म्हणून सळयांच्या काँक्रीटसाठी भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणची नदीची वाळू किंवा काळ्या दगडापासून यंत्राने तयार केलेली धुतलेली वाळू वापरावी. नद्यांचे पात्र उपसून जाऊ नये या दृष्टीनेही दगडाच्या वाळूचा वापर वाढणे हितावह आहे. वाळूविषयी शंका असल्यास सोपी चाचणी करता येते. मूठभर वाळू शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून ते पाणी गाळून घ्यावे व त्यात नत्राम्लाचा एक थेंब घालून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकावे. पाणी दुधासारखे पांढरे झाले तर वाळूत मीठ आहे असे समजावे. जवळच्या माध्यमिक शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी शिक्षकांच्या देखरेखीखाली होऊ शकते. खारी वाळू नाइलाजाने घ्यावी लागलीच, तर ती उतरत्या फरसबंदीवर पातळ पसरून गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावी, चाचणी पुन्हा घ्यावी, आणि तरीही तिचा उपयोग सळया नसलेल्या कामापुरताच ठेवावा.

पाण्याच्या बाबतीतही हाच विचार लागू आहे. वरील संहितेप्रमाणे सळयांच्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड नसावे. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते. ज्या विहिरीचे पाणी माघात गोड लागते, तेच वैशाखात काँक्रीटला अयोग्य ठरू शकते. यास्तव काँक्रीट घालण्याचे काम विहिरी गोड असतानाच उरकावे व काँक्रीट भिजत ठेवण्यासाठीही मचूळ पाणी वापरू नये.

लोखंड व काँक्रीट वापरावयाचे झाल्यास

स्लॅब आवश्यकच असेल, तर पुढील बाबतींत काटकसर करू नये. सिमेंट शक्यतो लोहभट्टीच्या मळीपासून केलेले, म्हणजे स्लॅग सिमेंट, किंवा राखमिश्रित पोझोलाना सिमेंट घ्यावे. त्यांचे काँक्रीट अधिक घट्ट विणीचे होते व त्यातून क्लोराइड सावकाश आत शिरते. मात्र असे काँक्रीट निदान दहा दिवस, आणि शक्य तर चौदा दिवस, सतत ओले ठेवले पाहिजे.

किनाऱ्यावरील उघड्या हवेतील कामासाठी संहितेने एम ३० प्रतीचे काँक्रीट, सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक नाही इतके पाणी आणि सळईवर निदान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. पन्नास किलोच्या एका पोत्यास साडेबावीस लिटर पाणी हे प्रमाण होय, आणि वाळूतील ओलावाही त्यातच मोजावयाचा असतो. मिश्रण पातळ केले की पसरविणे सोपे जाते म्हणून गवंडी पाणी वाढवितात. परंतु हेच जादा पाणी उडून गेल्यावर काँक्रीटमध्ये छिद्रे राहतात आणि त्या छिद्रांतून मीठ आत शिरते. सळया थेट फळ्यांवर ठेवून काँक्रीट ओतणे ही तितकीच घातक सवय होय. सळयांखाली त्याच प्रतीच्या काँक्रीटचे, योग्य जाडीचे ठोकळे ठेवावे. दगडाच्या कपच्या किंवा लाकडाचे तुकडे ठेवू नयेत.

पुढे मजला चढविण्याच्या आशेने स्लॅबवर खांबांच्या सळया उघड्या सोडण्याची प्रथा खेडोपाडी दिसते. किनाऱ्यावर या सळया दोन-तीन पावसाळ्यांतच गंजतात आणि गंज खाली खांबात उतरतो. मजला लगेच चढवावयाचा नसेल, तर उघड्या सळयांना घट्ट सिमेंटचा लेप देऊन त्या साध्या काँक्रीटने झाकून टाकाव्या. खिडक्यांना लोखंडी गजांऐवजी लाकडी गज, आणि खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावरील बिजागऱ्या व खिळ्यांसाठी पितळी किंवा ३१६ प्रतीचे अगंज पोलाद वापरावे. आरंभी ते महाग वाटले तरी त्याचे वजन थोडेच लागते.

लाकूड व बांबू

जुन्या घरांची तुळई, वासे व खांब शंभर वर्षे टिकले याचे कारण लाकडाची निवड काळजीपूर्वक केलेली असे. साग, ऐन व किंजळ ही इमारतीच्या कामास उत्तम. दारे-खिडक्यांसाठी फणसाचे पिवळे लाकूड चांगले टिकते. आंब्याचे लाकूड बागायतदाराच्या घरी सहज मिळते, पण ते ओलीत लवकर कुजते व त्यास कीड लागते. त्याचा उपयोग पेट्या व तात्पुरत्या कामापुरता करावा. जून माडाच्या बुंध्याचा बाहेरचा कठीण भाग छपराच्या वाशांना चालतो, आतला मऊ भाग काढून टाकावा. कोणत्याही झाडाचे गाभ्याचे गडद लाकूडच टिकाऊ असते. बाहेरच्या फिकट भागात कीड प्रथम शिरते.

झाड हिवाळ्यात तोडावे, कापलेले लाकूड सावलीत हवा खेळेल असे रचून चांगले सुकवावे आणि जमिनीशी किंवा ओल्या भिंतीशी त्याचा थेट संबंध येऊ देऊ नये. खांब दगडी उथळ्यावर बसवावा. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला व होड्यांना लावण्याची किनाऱ्यावरील रीत उपयुक्त आहे. हे तेल त्वचेला दाह करते, म्हणून ते हातमोजे घालून लावावे. खाजगी मालकीची झाडे तोडतानाही वृक्षतोडीविषयीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे विसरू नये. जुन्या घराचे सुस्थितीतील लाकूड तासून पुन्हा वापरणे हे सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ ठरते, कारण त्याची परीक्षा काळाने आधीच घेतलेली असते.

गोठा, माचा, मांडव व हलके छप्पर यांसाठी बांबू चांगला. सिंधुदुर्गातील माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव व काटेरहित असून बांधावर लावण्यासारखा आहे. तीन-चार वर्षांचा जून बांबूच, पावसाळा संपल्यानंतर थंडीत तोडावा. त्या वेळी त्यात पिष्टद्रव्य कमी असते आणि भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. एक भाग बोरिक ॲसिड व दीड भाग टाकणखार यांच्या सुमारे ५ टक्के द्रावणात, पेरांच्या आतील पडदे भोसकून, बांबू आठ-दहा दिवस बुडवून ठेवल्यास कीड लागत नाही. हे क्षार पावसात धुऊन जातात. म्हणून असा बांबू छपराखाली, भिजणार नाही अशा जागीच वापरावा.

छप्पर व वादळी वारा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाने आदळले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले. बागांबरोबर हजारो घरांची छपरे गेली. वारा छपराला केवळ ढकलतो असे नव्हे. आढ्याजवळ व कडांना तो छप्पर वर ओढतो. म्हणून छपराचे साहित्य जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे बांधणे महत्त्वाचे.

मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. भाजलेल्या मातीला खारी हवा बाधत नाही, कौल फुटले तर तेवढेच बदलता येते व घर थंड राहते. मात्र वळचणीच्या दोन ओळी, आढ्याचे कोने आणि बाजूच्या कडा येथील कौले भोकांतून गंजरोधक तारेने रिपांना बांधावी. रिपा वाशांना, वासे भिंतीवरील लाकडाला आणि ते लाकूड खाली भिंतीत वा खांबात घट्ट बसविलेले असावे. ही साखळी एका जागी तुटली तरी संपूर्ण छप्पर उचलले जाते. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे. वाऱ्याने पडवी उडालीच, तर तिच्याबरोबर घराचे छप्पर जाऊ नये.

पत्रे वापरावयाचे असल्यास दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्ताचा लेप असलेले, योग्य जाडीचे पत्रे घ्यावे. पातळ लेपाचे पत्रे किनाऱ्यावर फार लवकर गंजतात. कापलेल्या कडा व खिळ्यांची भोके येथूनच गंज सुरू होतो, म्हणून तेथे लगेच रंग द्यावा. जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांना भोके पाडू नयेत, ते कापू अगर फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे.

गोठा व खताची खोली

गोठ्यात लोखंडाला दुहेरी शत्रू असतात. बाहेरून खारी हवा आणि आतून मूत्र व शेणाच्या वाफेतील अमोनिया. पत्रा येथे खालच्या बाजूने खाल्ला जातो. म्हणून गोठ्यावर कौले किंवा पेंढ्या-झावळ्यांचे दाट शाकारलेले छप्पर, जांभ्याचे अर्धवट उंचीचे कुड व वरच्या भागात मोकळी हवा ही रचना उत्तम. जमीन उतरती दगडी फरशीची व गव्हाणी दगडाच्या किंवा लाकडाच्या असाव्या.

खताच्या खोलीविषयी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत स्वतःच क्लोराइड आहे. त्याची पोती काँक्रीटच्या जमिनीवर किंवा खांबाला टेकवून वर्षानुवर्षे ठेवली, तर ओलीबरोबर त्यातील क्लोराइड काँक्रीटमध्ये उतरते आणि समुद्रापासून दूर असलेल्या घरातही सळया गंजतात. पोती लाकडी माच्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी व सांडलेले खत लगेच झाडून घ्यावे.

खर्चाचा हिशेब

साहित्याची किंमत पाहताना केवळ खरेदीचा दिवस न पाहता पुढील तीस वर्षे पाहावी. खाडीच्या वाळूत वाचलेले पैसे एका स्लॅबच्या दुरुस्तीत कित्येक पटींनी जातात आणि गंजलेल्या स्लॅबची दुरुस्ती कधीही पूर्ण समाधानकारक होत नाही. याउलट कौले परतणे, दर्जा भरणे, लाकडाला तेल लावणे ही कामे दरवर्षी थोडी करावी लागतात खरी. पण ती गावातील कारागिरांच्या हातची असून त्यांचा पैसा गावातच राहतो. घराचा आकार थोडा लहान ठेवून साहित्य उत्तम वापरणे हे मोठे घर हलक्या साहित्यात बांधण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे होय.

बांधकामास आरंभ करण्यापूर्वी जागा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येते काय, याची ग्रामपंचायतीत व तहसील कार्यालयात खात्री करून घ्यावी आणि स्लॅबचे काम जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने करावे. त्यानंतर शेतकऱ्याने पुढील गोष्टी स्वतः जातीने तपासाव्या:

१. चिऱ्याने २४ तासांत कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषलेले नाही.

२. वाळू भरतीच्या क्षेत्राबाहेरची आहे व तिची मिठाची चाचणी झाली आहे.

३. मिश्रणास व भिजविण्यास गोडे पाणीच वापरले जात आहे.

४. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळयांखाली ४५ मिलिमीटरचे ठोकळे ठेवलेले आहेत.

५. जोत्यावर ओलप्रतिबंधक थर दिला आहे.

६. छपराच्या कडा बांधलेल्या असून रिपांपासून भिंतीपर्यंतची साखळी अखंड आहे.

या सहा गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. लागते ती केवळ मालकाची हजेरी व दक्षता. समुद्रकाठी राहणाऱ्याला मिठापासून दूर जाता येत नाही. परंतु ते घराच्या भिंतींबाहेर ठेवणे मात्र त्याच्या हाती आहे.